स्कर्टची दुमड आणि मानेचे मणके

१४ सप्टेंबर

सूनबाई, आधी माफ कर. जाताना तू ही वही माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "इथे काय काय होतं ते रोज लिहून ठेवा, मी आले की वाचीन." त्याला वर्ष होत आलं. रोज संध्याकाळी वही काढायचो, चष्मा पुसायचो, आणि मग वाटायचं, आज तर काहीच झालं नाही, कशाला पान वाया घालवा. शिवाय माझं शिक्षण सातवीपर्यंत, तेही सातवीत दोनदा बसून. मला मापं लिहायची सवय, वाक्यांची नाही. पण आज काहीतरी झालं आहे, म्हणून लिहितो.

तुझ्या बॉबिनचा पुढचा दात तुटला.

घाबरू नकोस. मी घाबरलो तेवढं दोघांना पुरेल. शाळेत चेंडू लागला आणि वरच्या दाताचा टवका उडाला. तुकडा तिने रुमालात बांधून आणला आणि माझ्या शिलाईमशीनवर ठेवला, जसं काही बटण तुटलंय आणि आजोबा लावून देतील. रडली नाही. मीच पाणी प्यायलो.

रुमालावरून आठवलं. हल्ली ती सारखा रुमाल तोंडाशी धरते, हसतानासुद्धा. सर्दी असणार. मी तिला सहा मोठे रुमाल शिवून दिले आहेत.

तुम्ही दोघं त्या लांबच्या नोकरीवर निघालात तेव्हा माझा मुलगा म्हणाला होता, "अजून लहान आहे, राहू दे तुमच्याजवळ. मोठी झाली की नेतो." लहान आहे तोवर नीट सांभाळायचं, एवढं एकच काम माझ्याकडे. त्यात दात गेला.

१५ सप्टेंबर

दातांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई माझ्या मुलापेक्षाही लहान दिसते. पण हात हलका आहे. अर्ध्या तासात दात असा भरून दिला की मला जोड सापडेना, आणि जोड शोधण्यात माझा जन्म गेला आहे.

मग तिने बॉबिनकडे बाजूने पाहिलं, मी कोटाचा खांदा बघतो तसं.

"आजोबा, वरचे दात पुढे आलेत असं वाटतं ना? खरं म्हणजे खालचा जबडा मागे राहिलाय. म्हणून चेंडू आधी दातालाच लागतो. वर्षभरात हिची उंची वाढलीय का?"

"नाही."

"नक्की?"

"मॅडम, चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवतोय. बाराव्या वर्षी मुलीचा स्कर्ट गुडघ्याच्या वर चढतो. हिचा गेल्या वर्षीचा स्कर्ट आजही गुडघ्याखाली आहे. सुतभर हलला नाही."

बॉबिन छताकडे बघत होती. तोंडात कापूस होता, नाहीतर तिनेही हेच सांगितलं असतं.

"पण टेप लावून कधी मोजलंत?"

आता हिला काय सांगू. माझ्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, घरच्या पोरांना टेप लावायची नाही. घरच्याला टेप लावली की आपण मनातलं माप लिहितो, अंगावरचं नाही. घरच्याचं माप जुन्या कपड्यावरून घ्यायचं. कपडा कोणाचा नातेवाईक नसतो. मी आजवर तसंच केलं. मुलाच्या लग्नाचा कोटसुद्धा जुन्या कोटावरून बेतला. खांद्यात आवळला होता हे खरं, पण तो मुलाने वजन वाढवल्यामुळे.

डॉक्टरीणबाईने हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं. आपण बाजूने एक एक्स-रे काढू."

१८ सप्टेंबर

एक्स-रे झाला. दात दाखवायला नेलेल्या मुलीच्या मानेचा फोटो काढला! मी विचारलं तर तो एक्स-रेवाला म्हणतो, "दात, जबडा, मान, सगळं एकाच फोटोत येतं, आजोबा."

बॉबिनला एका यंत्रात उभं केलं आणि कानांत दोन दांड्या घातल्या, डोकं हलू नये म्हणून. अंगावर शिशाचा जड एप्रन. त्याच्या कडेची शिलाई दीड वीत उसवलेली. मी म्हटलं, "याला वर मानेलाही काही बांधा, पोरीची मान उघडी आहे."

"मानच बघायची आहे, आजोबा. ती झाकली तर काय दिसणार?"

"मग निदान ही कड तरी शिवू द्या. सुई आहे खिशात."

त्याने मला बाहेर बसवलं. आतून बॉबिनच्या हसण्याचा आवाज आला आणि त्याचा, "हलू नकोस गं!" फोटो दुसऱ्यांदा घ्यावा लागला की काय, विचारायला विसरलो. दिवसभर तेच डोक्यात.

दुपारी डुलकी काढून उठलो तर इस्त्री कोमट होती. मी तर सकाळपासून लावली नव्हती. विसरायला लागलोय की काय? (हे पान फाडायचं. तुम्हाला उगाच काळजी.)

२० सप्टेंबर

आज डॉक्टरीणबाईने पडद्यावर फोटो दाखवला. आपल्या बॉबिनची कवटी. मी क्षणभर डोळे मिटले. बॉबिन म्हणाली, "आजोबा, मीच आहे ती, नुसती कपडे काढून ठेवलेली." काय बोलते ही पोर!

बाईने पेन्सिलीने मणके दाखवले. लहानपणी मणक्याचा तळ सपाट असतो. वाढीला जोर यायला लागला की तो खालून खोलगट होत जातो, वरच्या मणक्यापासून सुरुवात होऊन एकेक करत खाली. हिच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्याला खोलगटपणा आला आहे, चौथा अजून सपाट. मला ते लगेच समजलं. गोल गळा कापताना आधी कापड सरळ असतं, मग खडूने बाक काढतो, तसाच तो बाक. हे मी बोललो तर बाई खूश झाली, म्हणाली, "माझ्या अर्ध्या विद्यार्थ्यांना हे इतक्या पटकन कळत नाही."

मला जरा बरं वाटलं. तेवढ्यात ती म्हणाली, "म्हणजे वाढीचा जोर आत्ता, या वर्षात आहे. आत्ताच तोंडात एक कवळीसारखं यंत्र बसवलं, दिवसातला बहुतेक वेळ घातलं, तर खालचा जबडा वाढता वाढता पुढे आणता येतो. ही वेळ गेली की यंत्राचा फारसा उपयोग नाही. मग अठरा वर्षांनंतर ऑपरेशन."

"अहो, पण वाढ कुठे आहे? स्कर्ट..."

"तेच मला कोडं पडलंय. एका फोटोवरून मी शपथेवर सांगणार नाही. काही मुलांचे मणके फसवतात. आज उंची मोजून भागत नाही, वर्षापूर्वीची हवी. शाळेत नोंद आहे?"

शाळेत या वर्षी नोंदच घेतली नाही म्हणे, उंचीची पट्टी मोडली होती. म्हणजे वर्षापूर्वीचा साक्षीदार एकच, माझा स्कर्ट. आणि तो म्हणतो, वाढ नाही.

"दाखल्यावर वय बाराच आहे, अजून वेळ असेल," मी म्हणालो.

"हाडांना दाखला वाचता येत नाही, आजोबा." मग कॅलेंडरकडे बघून म्हणाली, "दोन आठवडे घ्या. नीट आठवा, घरी बोला. पण त्याहून जास्त नको."

२१ सप्टेंबर

मुलाला फोन केला. सगळं सांगितलं आणि म्हणालो, "मला वाटतं डॉक्टरीण तरुण आहे, पुस्तकात पाहून बोलते. पोरीची वाढ थांबलेली आहे. चाळीस वर्षांचा अनुभव आहे माझा."

तो म्हणाला, "वाढ थांबली? म्हणजे मोठीच झाली म्हणायची. मग हे सत्र संपलं की घेऊन येतो तिला इकडे. तुम्हालाही किती दिवस त्रास."

मी म्हणालो, "त्रास कसला."

बॉबिन भांडी विसळत होती. ताटली हातातून सुटली. थोड्या वेळाने येऊन माझ्या शेजारी बसली.

"आजोबा, वाढले तर मोठी झाले."

"हो."

"आणि वाढायची थांबले तरी मोठी झाले?"

"असंच असणार."

"मग लहान कोण?"

भूमितीसारखं काहीतरी विचारत होती.

२६ सप्टेंबर

मधले दिवस लिहिले नाहीत, गणवेशांची गर्दी होती. पण गर्दीनेच माझी शांतता घालवली. बारा-तेरा वर्षांच्या पोरींच्या आया एकामागून एक येतात आणि सगळ्यांचं एकच, "मास्तर, दुमड सोडा." मी प्रत्येक स्कर्टला चार बोटं दुमड आत ठेवतो, त्यासाठीच. आज पाच स्कर्ट सोडले. पाची पोरी वाढल्या. माझीच का नाही?

कमी जेवते का? माझ्या हातचं कच्चं राहतं का? (हेही पान फाडायचं.) कालपासून दोन वेळा दूध सुरू केलं. दाराच्या चौकटीला लोखंडी नळी लावली आणि म्हटलं, "रोज सकाळी लोंबकळ, हाडं मोकळी होतात."

बॉबिनचा चेहरा पडला. "मला नाही वाढायचं, आजोबा."

"अगं, सगळे वाढतात."

"मला नाही." आणि दूध खिडकीतल्या कुंडीत ओतलं. आता ते झाड तेवढं वाढेल.

शेजारच्या दुकानातले घड्याळवाले आले होते. त्यांना सगळं सांगितलं. तीस वर्षांचे शेजारी, पण माझ्या काळजीची गंमत करण्याची संधी कधी सोडत नाहीत. म्हणाले, "मास्तर, नातीला चावी द्यायला विसरलात."

त्यांना हेही सांगितलं की माझा खडू माझ्याशिवाय झिजतो आणि गडद निळं रीळ आपोआप हलकं होतं. ते म्हणाले, "भूत असेल. चांगलं आहे, भुताला मजुरी द्यावी लागत नाही." मी म्हणालो उंदीर असणार. पिंजरा लावला आहे.

३ ऑक्टोबर

आजचं सगळं जसंच्या तसं लिहितो.

सकाळी घड्याळवाले दारात उभे. "मास्तर, तुमची नात वाढलीये."

"तुम्हाला कसं कळलं?"

"भिंतीवरचं मोठं घड्याळ उतरवायला मी गेल्या वर्षी तिला स्टुलावर चढवत होतो. काल तिने नुसता हात वर केला आणि काढून दिलं."

"तुमचं घड्याळ खाली आलं असेल."

"खिळा तिथेच आहे! भिंत खाली आली म्हणता का?"

"स्कर्ट सांगतो वाढ नाही."

"मास्तर, तुम्ही पोरीकडे बघता की स्कर्टाकडे?"

मला राग आला. ते गेल्यावर मी बॉबिनचा दुसरा स्कर्ट काढला, त्यांना नेऊन दाखवावा म्हणून. कड उलटी केली. आणि बसलो ते बसलोच.

चार बोटं दुमड ठेवली होती मी. एक बोटभर उरली होती. बाकीच्या कापडावर तीन रेघा, एकीखाली एक. दुमडीत झाकलेलं कापड ऊन न लागल्यामुळे गडद राहतं, त्यामुळे तीन पट्टे स्वच्छ दिसत होते. दुमड तीनदा सोडलेली, तीनदा इस्त्री करून बसवलेली, तीनदा हातशिलाई घातलेली. बारीक टाके, उलट्या बाजूनेही न दिसणारे. या गल्लीत असे टाके घालणारी माणसं दोनच. एक मी. दुसरीला मीच शिकवलं.

ती शाळेतून आली. स्कर्ट मशीनवर उलटा पसरलेला होता. ती दारातच थांबली.

मी म्हणालो, "उंदराला सुईत दोरा ओवता येत नाही."

तिने दप्तर खाली ठेवलं.

"का?"

"बाबा म्हणाले होते ना, मोठी झाली की नेतो." रुमाल तोंडाशी होता, पण सर्दीचा आवाज नव्हता तो. "तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही त्यांना सांगितलं असतं. तुम्ही सगळं सांगता."

खरं आहे. मी सगळं सांगतो.

मग तिने हळूच विचारलं, "त्या फोटोत खरंच दिसतं मी वाढतेय ते? पुसता नाही येत?"

"नाही येत."

"हाडं चहाडखोर असतात."

चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. शेवटी म्हणालो, "तिसऱ्या वेळचा दोरा एक छटा फिका आहे. निळी दोन रिळं आहेत, उजेडात नेऊन बघायचं असतं." ती हसली, आणि हसताना पहिल्यांदाच रुमाल खाली आला. दात खरोखर पुढे आहेत. मला इतके दिवस दिसले कसे नाहीत?

मग मी उस्तादांची माफी मागितली आणि टेप काढली. तिला चौकटीला पाठ लावून उभी केली. माझ्या खांद्याच्या वर आली आहे पोर. मापाच्या वहीत लिहिलं, मनातलं नाही, अंगावरचं.

४ ऑक्टोबर

स्कर्ट घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईला वाटलं मी एप्रन शिवायला आलो. तिने फोटो पडद्यावर लावला, मी शेजारी स्कर्ट धरला. तिने पट्टीने तिन्ही पट्टे मोजले, कोणत्या महिन्यात कोणता सोडला ते बॉबिनला विचारून लिहून घेतलं. शेवटचे दोन सगळ्यात जवळजवळच्या महिन्यांतले. वाढीचा वेग वाढतोय, बाई म्हणाली, मणके बरोबर बोलत होते. मग बराच वेळ हसत राहिली. "आजोबा, उंचीची इतकी नीट नोंद माझ्या एकाही पेशंटकडे नाही."

मला मात्र हसू येईना. माझ्या शब्दावर बाई थांबली असती तर? दोन आठवडे तर मी घालवलेच. मी तसं बोलून दाखवलं. ती म्हणाली, "दोन आठवड्यांनी काही बिघडत नाही. दोन वर्षांनी बिघडलं असतं."

बॉबिनला यंत्र दाखवलं. बोलताना सुरुवातीला जीभ अडखळेल, लाळ येईल, गालाला दुखेल. वर्षभर घालायचं, दर महिन्याला दाखवायचं. बाईने तिलाच विचारलं, "घालशील? तू घातलं नाहीस तर मी काही करू शकत नाही."

"घातलं तर दात आत जातील?"

"जबडा पुढे येईल. मग ओठ आपोआप मिटतील."

"मग घालते." रुमाल तेव्हा तिने दप्तरात टाकला होता.

दर महिन्याला दाखवायचं, वर्षभर! मी तिला बाहेर पाठवली आणि विचारलं, "मॅडम, हे वर्षभर इथेच, तुमच्याकडेच करावं लागेल ना? दुसऱ्या गावी नाही ना जमणार?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, "दुसऱ्या गावीही होईल, आजोबा. कोणीही चांगला डॉक्टर करेल. फोटो आणि माझी चिठ्ठी मी देईन."

नाही म्हणाली असती तर किती सोपं होतं.

५ ऑक्टोबर

दिवसभर एक खोटं वाक्य डोक्यात घेऊन शिवत होतो. "डॉक्टर म्हणतात, इथेच करावं लागेल." एवढंच फोनवर म्हणायचं. मुलाने हो म्हटलं असतं, त्याने कधी माझं माप तपासून पाहिलेलं नाही. दोन कॉलर उलट्या लावल्या आणि उसवल्या.

घड्याळवाल्यांना विचारलं. ते भिंग डोळ्याला लावून कुठल्याशा काट्याशी झटत होते. म्हणाले, "तुमच्या नातीने वाढ लपवली तर तुम्हाला राग आला. आता तुम्ही काय लपवताय?"

"मला राग आला नव्हता."

"मग काय आलं होतं?"

मी घरी आलो.

फोनवर मी गडबडतो, बॉबिन ऐकते, आणि मुलगा "बरं बरं" म्हणत राहतो. म्हणून आज लिहूनच पाठवतो. हे खालचं चांगल्या कागदावर उतरवून काढायचं आहे.

बाळा, आणि सूनबाई,

मी फोनवर चुकीचं सांगितलं. बॉबिनची वाढ थांबलेली नाही. उलट आत्ता जोरात आहे. एक्स-रेत दिसलं, स्कर्टवर दिसलं, आणि मी टेपनेही घेतलं. पट्ट्यांवरून एका वर्षात निदान अडीच इंच. चूक माझी होती, तिची नाही, तिला काही बोलू नका. स्कर्टचं काय झालं ते समोर आलात की ती स्वतः सांगेल, सांगायचं असेल तर.

खालच्या जबड्यासाठी यंत्र बसवायचं आहे. आत्ता बसवलं तर ऑपरेशन टळू शकतं. वर्षभर घालायचं, दर महिन्याला दाखवायचं. हे इथे होईल. तुमच्याकडेही होईल, डॉक्टरीणबाईने स्पष्ट सांगितलं आहे, फोटो आणि चिठ्ठी बरोबर देईल. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले, म्हणून दोनदा वाचा.

तिला इथे राहायचं आहे. मी शिकवलेलं नाही, विचारून पाहा. मलाही तिने राहावं असं वाटतं. ती नेहमी लहानच राहील असं समजून नाही. ती मोठी होत असताना कोणीतरी समोर असावं, म्हणून. पण तुम्ही आई-बाप आहात. न्यायची ठरवलीत तर मी स्वतः तिला आणून सोडीन, आणि तिचे सगळे स्कर्ट पुरेशी दुमड ठेवून शिवून देईन.

बुधवारी तिच्या दातांचा साचा घ्यायचा आहे. यंत्र इथे बसवायचं की तिकडे, ते त्याआधी कळलं पाहिजे. मोठं पत्र लिहू नका, सवड नसेल. हो किंवा नाही, एवढं कळवा. फोन केलात तरी चालेल, मी मशीन थांबवून ऐकेन. पण लवकर कळवा, बाळा. ती आत्ताही, मी हे लिहितोय तेवढ्यात, पलीकडच्या खोलीत वाढते आहे.

तुमचा,
बाबा